अनाफी बेटावरील नऊ दिवस

'यवन' हा शब्द मूळचा ग्रीकांचा, त्यातही आयोनिया प्रांतातील ग्रीकांचा वाचक. पुढे आपण तो कोणासही लावू लागलो. कात्यायनाने त्यांच्या लिपीसाठी 'यवनानी' हे रूप सांगितले, आणि आमच्या ज्योतिष्यांनी 'होरा' व 'केंद्र' हे शब्द त्यांच्यापासून उसने घेतले ते आजतागायत परत केलेले नाहीत. पस्तीस वर्षे हे वर्गात सांगत आलेल्या मनुष्यास सेवानिवृत्तीनंतर प्रत्यक्ष यवनदेशी जाण्याचा योग यावा, हे भाग्यच म्हणावयाचे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त काही काळ अथेन्सनजीकच्या पिरेउस बंदरात राहावयास आहेत. त्यांच्याकडे आम्ही उभयता गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस गेलो होतो. अथेन्समधील देवालये व पुराणवस्तू पाहून झाल्यावर, जेथे गर्दी नाही असे एखादे बेट दाखवावे अशी इच्छा आम्ही प्रकट केली. चिरंजिवांनी नकाशावर जे बोट ठेवले ते अनाफीवर. अथेन्सविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. म्हणून येथे त्या लहानशा बेटाचाच वृत्तांत वाचकांस सादर करीत आहो.

एजियन समुद्रात सिक्लादेस नावाचा जो द्वीपसमूह आहे, त्याच्या आग्नेय टोकास, सांतोरिनीच्या पूर्वेला, अनाफी आहे. क्षेत्रफळ चाळीस चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर. लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत २७१. विमानतळ नाही. पिरेउसहून आगबोटीने दहाबारा तास लागतात, आणि बोटही आठवड्यातून मोजक्याच वारी असते. उन्हाळ्यात 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेकडचा वारा खवळला म्हणजे तिचाही भरवसा नाही. आमची बोट निघाली तेव्हा तीत पाय ठेवावयास जागा नव्हती. परंतु सांतोरिनीच्या बंदरात शिडी पडताच सारी झुंड आपापल्या पेट्या ओढीत उतरून गेली आणि त्या अजस्र बोटीवर आम्ही पन्नासएक माणसे उरलो. ज्या बायका इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या त्या आता मोठ्याने बोलू लागल्या, एकमेकींच्या टोपल्यांतील पदार्थ चाखू लागल्या. घर जवळ आल्यावर माणसाचा आवाज चढतो, तो तिकडेही तसाच चढतो.

धक्क्यावर उतरलो तेव्हा एका म्हाताऱ्याने दुसऱ्यास 'ती ओरा?' म्हणून विचारले. किती वाजले, एवढाच त्याचा अर्थ. जी 'होरा' आमच्या पंचांगात मानाने बसली आहे तीच तिच्या माहेरी अशी उघड्या पायांनी हिंडताना पाहून आम्हांस मौज वाटली.

बेटाच्या नावाची कथा सांगण्याजोगी आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अपोलोनियस नावाच्या कवीने आर्गो नौकेच्या पर्यटनावर महाकाव्य रचले. सुवर्णलोकर घेऊन परतणारे ते वीर क्रीटजवळ अशा घोर अंधारात सापडले की आकाश कोणते आणि पाणी कोणते हे कळेना. नायक यासोन याने अपोलोचा धावा केला. देवाने एका खडकावर उभे राहून आपले सोन्याचे धनुष्य उंच धरले, त्याच्या तेजात एक लहानसे बेट दिसले आणि नौका तेथे नांगरली. प्रकट झालेले म्हणून बेट अनाफी, आणि प्रकाशणारा म्हणून तेथील अपोलो 'ऐग्लेतेस'. ग्रीकांचा 'फैनो' हा धातू आणि आपला 'भा' हे सख्खे भाऊबंद आहेत. 'भाति', 'प्रभा', 'आभास' हे सारे त्याच कुळातले. तेव्हा या बेटाचे गोत्र आम्हांस अगदीच परके वाटले नाही.

कथेचा पुढील भाग आम्हांस अधिक आवडतो. पहाट होताच वीरांनी वेदी उभारली. परंतु त्या उजाड किनाऱ्यावर देवास अर्पावयास काहीच मिळेना, म्हणून त्यांनी जळत्या लाकडांवर नुसते पाणी ओतले. राजवाड्यातील बैलांचे बळी पाहिलेल्या, मेदेयेच्या दासींना ते पाहून हसू आवरेना. वीरांनीही उलट थट्टा केली. तेव्हापासून या बेटावर अपोलोच्या पूजेच्या वेळी स्त्रियांनी व पुरुषांनी एकमेकांची थट्टा करण्याचा प्रघात पडला, असे कवी सांगतो. देव केवळ उदकाने संतुष्ट होतो हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. मात्र पूजेच्या वेळी हसण्याची मुभा देणारे दैवत विरळाच.

बंदर खाली आणि गाव वर डोंगराच्या माथ्यावर, अशी रचना आहे. समुद्रातून चाचे येत त्या काळची ही खबरदारी. घरे पांढरीशुभ्र, दारे बहुधा निळी; छपरे मात्र सपाट नसून पुष्कळशी घुमटीसारखी, अर्धवर्तुळाकार. बेटावर इमारती लाकूड नाही, तेव्हा तुळयांवाचून दगडचुन्याची कमान वळवून छत करण्यावाचून गत्यंतर नव्हते. या गरजेतून येथील गवंडी आपल्या कामात किती तरबेज झाले हे पुढे येईलच. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आले म्हणजे एकाने दारात शिरावे. आम्ही ज्या घरी उतरलो त्याची मालकीण सत्तरीच्या पुढची विधवा होती. तिचा नातू अथेन्सला शिकतो. तो सुट्टीस आला होता व त्यास इंग्रजी उत्तम येत असल्याने दुभाष्याचे काम त्यानेच केले.

शाकाहारी मनुष्याचे तेथे कसे चालले, असे आमच्या वाचक भगिनी विचारतील. उत्तम चालले. 'फावा' म्हणून त्या बाजूला एक पिवळे दाट वरण करतात. ते ज्या कडधान्याचे होते ते आपल्या वऱ्हाडनागपुराकडील लाखेच्याच वर्गातले. फोडणीऐवजी वरून जैतुनाचे तेल, कच्चा कांदा व केपरच्या खारवलेल्या कळ्या, सौ. ने पहिल्या दिवशी नाक मुरडले आणि तिसऱ्या दिवशी कृती लिहून घेतली. भट्टीत रात्रभर मुरलेले छोले, रानभाज्या, अंजिरे, शेळीच्या दुधाचे चीज, रानथाइमाचा मध, इतके असताना उपाशी कोण राहील? केशरास तेथे 'झाफोरा' म्हणतात, आणि ते घालून पाव भाजतात. आपली जाफरानी मिठाई आठवावी.

आता किनाऱ्यांकडे वळू. कारण परदेशचे लोक येतात ते त्यांच्यासाठी. उत्तरेकडची बाजू वाऱ्याच्या तोंडी असल्याने उघडीबोडकी. परंतु दक्षिणेस डोंगराच्या आडोशाने एकापुढे एक पुळणी लागून आहेत. बंदराजवळची क्लिसिदी ही पहिली. तेथून पूर्वेस किनाऱ्याकिनाऱ्याने एक पायवाट जाते. ती टेकाडावर चढते, पुन्हा खाली उतरते, आणि दर उतरणीला एक नवी पुळण पुढ्यात येते. कात्सुनी, मग फ्लामुरू, मग रुकुनास. काही इतक्या लहान की दोन कुटुंबे बसली तर तिसऱ्याने पुढे जावे. वाटेवर झाड म्हणून नाही. फक्त गुडघाभर उंचीचे काटेरी गवत आणि थाइमाची झुडपे. पायाखाली चिरडले म्हणजे थाइमास थेट ओव्याचा वास येतो, आणि यात नवल नाही, दोहोंत द्रव्य एकच आहे. ऊन कडक असल्याने आम्ही सूर्योदयालाच निघत असू. पाणी व टोपी बरोबर हवीच. वाटेत दुकान, झरा, सावली यांपैकी काहीही नाही.

रुकुनासची पुळण सर्वांत मोठी, बारीक वाळूची, मागे झाऊच्या झाडांची रांग. पाणी असे स्वच्छ की छातीइतक्या पाण्यात उभे राहिले तरी पायाची नखे मोजावी. आम्ही गेलो तेव्हा त्या अफाट किनाऱ्यावर सात माणसे होती. त्यांपैकी चौघे झाऊखाली तंबू ठोकून राहिलेले तरुण असून त्यांची स्नानाची पद्धत केवळ दिगंबर पंथाची होती. सौ. ने छत्री त्या दिशेस धरली व आम्ही क्षितिजावरील पाखिया व माक्रा या दोन ओसाड बेटांच्या भूगोलावर व्याख्यान सुरू केले. असो. ती पोरे स्वभावाने मात्र गोड निघाली; निघताना त्यांनी आम्हांस टरबुजाची फोड आणून दिली, आणि ती देताना पंचा गुंडाळण्याची सभ्यताही दाखविली.

पुढच्या एका पुळणीवर तर कोणीच नव्हते. वाळूवर आदल्या रात्रीच्या वाऱ्याने कोरलेल्या रेघा तशाच्या तशा होत्या. आम्ही उभयतांनी पाण्यात पाय सोडून दोन तास काढले. लाट येई, वाळूतील गोटे किंचित सरकत, पुन्हा सारे निवांत. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पाहुणा, शेजारी, शिकवणी, दारावरचा भाजीवाला यांपैकी एकही मध्ये न येता आम्ही दोघे इतका वेळ बसल्याचे आठवत नाही. बोललो मात्र फारसे नाही. 

रुकुनासच्या वर कास्तेली नावाची टेकडी आहे. प्राचीन नगर तेथे होते. आज पायाचे दगड व एका लहान चर्चपाशी पडलेली रोमन काळची कोरीव दगडी शवपेटी एवढेच उरले आहे. या नगरापासून अपोलोच्या देवळाकडे जाणारा जुना मार्ग अद्याप ओळखू येतो. देऊळ बेटाच्या पूर्व टोकास होते, आणि त्याच जागी आता ख्रिस्ती मठ उभा आहे. मठाच्या भिंतीत अपोलोच्या देवळाचे चिरे जसेच्या तसे बसविलेले दिसतात. आम्ही त्यांवर हात ठेवून पाहिला. दोन हजार वर्षांमागच्या पाथरवटाची सांधेजोड मागाहूनच्या बांधकामापेक्षा सरस आहे, हे सांगावयास स्थापत्यविशारदाची गरज नाही.

मठाच्या पलीकडे समुद्रातून एकदम उठलेला कालामोस नावाचा चुनखडीचा प्रचंड सुळका आहे. उंची सुमारे साडेचारशे मीटर. माथ्यावर कालामियोतिसा मातेचे, म्हणजे कुमारी मेरीचे, लहानसे देवालय. तिची प्रतिमा एका वेतावर टांगलेली आढळली अशी आख्यायिका आहे, आणि 'कालामोस' म्हणजे वेत, बोरू. हाच शब्द अरबांकडून फिरत आपल्याकडे 'कलम' होऊन आला. ज्या बोरूने आम्ही बालपणी पाटी गिरविली त्याचे नाव या कड्यास लाभलेले आहे. चढण तासाभराची, पण एका बाजूस सरळ खोल समुद्र. ज्यांस चक्कर येते त्यांनी जाऊ नये. सौ. मठाच्या ओट्यावर थांबली, आम्ही काठी टेकीत वर गेलो. पश्चिमेस सांतोरिनी दिसत होते, आणि ईशान्येस धूसरशी अस्तिपालिया.

या अस्तिपालियाची व अनाफीची एक जुनी गंमत अथेनेयस नावाच्या ग्रंथकाराने नोंदली आहे. तिकडच्या एका मनुष्याने अनाफीत तित्तिरांची एक जोडी आणून सोडली. ती पाखरे इतकी माजली की रहिवाशांस बेट सोडण्याची पाळी आली. इकडच्या एकाने अस्तिपालियात सशांची जोडी सोडली. ससे पिके फस्त करू लागले, तेव्हा लोक देल्फीच्या देवास कौल लावावयास गेले. देवाने कुत्री पाळून शिकार करण्यास सांगितले, आणि एका वर्षात सहा हजारांहून अधिक ससे मारले गेले म्हणे. शेजारधर्माचे हे दाखले आहेत.

तित्तिरांनी जे केले नाही ते पुढे दारिद्र्याने केले. या उजाड डोंगरावर पोट भरेना, म्हणून येथील माणसे शतकामागून शतक बाहेर पडत राहिली. १८३४ साली अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झाली. बव्हेरियाहून आणलेला राजा ओथो यासाठी १८३६ पासून राजवाडा बांधावयास घेतला, तेव्हा कमानी वळविण्यात निष्णात अशा अनाफीच्या गवंड्यांस व सुतारांस तिकडून बोलावणे आले. ते गेले, आणि अक्रोपोलिसच्या खडकाखाली उतारावर त्यांनी आपल्यासाठी घरे बांधली. तेथे बांधकामास मनाई होती. परंतु सूर्यास्तानंतर आरंभ करून सूर्योदयापूर्वी छप्पर घातले तर घर ज्याचे त्याचे होते, अशी समजूत असल्याने ती घरे रातोरात उठली, असे सांगतात. वस्तीचे नाव अनाफियोतिका. राजवाड्यात हल्ली ग्रीसचे विधिमंडळ भरते.

बेट सोडून लोक जात असता सरकारने दुसरे लोक तेथे आणून सोडले, हा आणखी एक प्रकार. १९३६ साली मेताक्सासची हुकूमशाही सुरू झाली आणि विरोधकांस दूरच्या बेटांवर हद्दपार करण्यात येऊ लागले. अनाफी त्यांपैकी एक. शेकडो हद्दपार येथे राहिले. त्यांनी एकत्र स्वयंपाक, एकत्र खर्च, निरक्षरांसाठी वर्ग, अशी शिस्तीची व्यवस्था उभारली होती. १९४१ साली ग्रीस शत्रूच्या ताब्यात गेल्यावर मात्र अन्न येणे थांबले आणि भयंकर उपासमार सोसावी लागली. मार्गारेट केना या विदुषीने, ज्या प्रथम १९६६ साली संशोधनार्थ या बेटावर आल्या, त्या बंदिवासाचा इतिहास २००१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ज्या दूरपणाचे आम्ही भाडे भरून कौतुक करीत होतो तोच दूरपणा शिक्षा म्हणून वापरला गेला होता, हे कळल्यावर त्या रिकाम्या पुळणीवरील दोन तास आम्हांस थोडे निराळे आठवू लागले.

एके संध्याकाळी सौ. ने घरमालकिणीस सहज म्हटले, "तुमच्याकडे किती शांत! झोप कशी गाढ लागत असेल." नातवाने भाषांतर केले. म्हातारी हसली. म्हणाली, "तुम्ही सप्टेंबरात आलात. जानेवारीत बोट आठ आठ दिवस येत नाही. मग मी रात्री उठून तिच्या भोंग्याचा कानोसा घेते. डॉक्टर, औषध, पत्र, माणूस, सारे तीच आणते." गल्लीतील कित्येक दारांस कुलपे होती. शाळेची इमारत पाहावयास आम्ही मुद्दाम गेलो. सुट्टी असल्याने ती बंद होती. अंगण स्वच्छ झाडलेले होते. एवढ्या वस्तीच्या गावात एका वर्गात किती मुले बसत असतील याचा हिशेब जन्मभर पट भरलेल्या मनुष्याने मनातल्या मनात केला, आणि तो बोलून दाखविला नाही.

सात तारखेची बोट आली आणि गाव ओळखू येईना. आठ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिन व कालामियोतिसेचा उत्सव. त्यासाठी अथेन्सला गेलेली अनाफीची कुटुंबे मुलाबाळांसह आली होती. गणपतीस मुंबईचे चाकरमानी कोकणात उतरतात, त्याची आठवण झाली. बंद दारे उघडली, गच्च्यांवर गाद्या वाळत पडल्या, रात्री दोन वाजेपर्यंत गल्लीत पोरांचा धुडगूस. शांततेसाठी आलेले एक जर्मन गृहस्थ आमच्यापाशी तक्रार करू लागले. आम्ही त्यांस म्हटले, अहो, ही माणसे आपल्या घरी आली आहेत.

मठाच्या अंगणात पूजा झाली, आणि मग पंगत. लांबच लांब मेजे मांडून आल्यागेल्या सर्वांस जेवण; परके म्हणून आम्हांस कोणी वेगळे काढले नाही. आम्ही मांस खात नाही असे नातवाने सांगताच पाव, चीज, जैतुने व काकड्या यांचा ढीग समोर आला. सौ. ने आयुष्यभर पंगती वाढल्या आहेत. तिचे लक्ष जेवणापेक्षा वाढण्याकडे, आणि तिने सवयीने मेजेही मोजली. पुढे व्हायोलिन व लाउतो यांच्या तालावर हात धरून फेर सुरू झाला. ऐंशीच्या घरातील बाया आणि शहरातील पोरी एकाच कड्यात. एक प्रौढ गृहस्थ काहीतरी म्हणे, बायका लगेच उलट उत्तर देत आणि सारे हसत. शब्द आम्हांस कळत नव्हते. अपोलोनियसच्या त्या दासी मात्र डोळ्यांपुढे आल्या.

दहा तारखेस बोट त्या सर्वांस घेऊन परतली, त्याच बोटीने आम्हीही. घरमालकीण धक्क्यापर्यंत आली होती, सौ. च्या हातात तिने मधाची बरणी दिली व नातवास मुका घेऊन ती लगेच वळली. शिडी उचलण्यापूर्वीच ती चढणीस लागलेली दिसली.

पिरेउसला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही चिरंजिवांस घेऊन अनाफियोतिका पाहावयास गेलो. १९५० नंतर उत्खननासाठी बरीच घरे पाडण्यात आली. आता पन्नासाच्या आत उरली असावीत. तरीही त्या पायऱ्या, त्या पांढऱ्या भिंती, दारापुढची तुळशीसारखी रोपटी पाहून, आपण बोटीतून उतरलोच नाही की काय असे वाटले. एका दारात एक वृद्ध गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. आम्ही काल अनाफीहून आलो असे चिरंजिवांनी सांगताच ते उठून उभे राहिले. गुडघ्यांमुळे यंदा त्यांस जाता आले नव्हते. मधाविषयी नाही, समुद्राविषयी नाही, त्यांनी एवढेच विचारले, की उत्सवाच्या पंगतीस मेजे किती लागली होती? सौ. ने आकडा सांगितला. तो त्यांनी पुन्हा एकदा वदवून घेतला, आणि आत जाऊन कोणास तरी मोठ्याने सांगितला.